‘मारुतीच्या इंजिनावर अर्धं स्पिटफायर’: हिशेब कुठे चुकतो

पुण्यातल्या हौशी ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर विमान स्पिटफायर अर्ध्या मापात बांधा, वजन अर्धं होतं, मारुती ८००चं इंजिन आणि दुकानातला मरीन प्लाय पुरतो, हडपसरहून उडवा, परवानगी लागत नाही. स्वस्तातलं, उडवायला मजा येईल असं फायटर घरी बांधता येतं, हे खरंच. पण या मेसेजप्रमाणे बांधलेलं विमान माणूस मारेल.

‘मापं अर्धी, वजन अर्धं.’ लांबी-रुंदी अर्धी केली की पंखाचं क्षेत्रफळ चौथाई होतं: साडेबावीस चौरस मीटरचे ५.६. पायलट मात्र ८० किलोचाच राहतो आणि तो या चिमुकल्या पंखांनाच उचलावा लागतो. १९७५ साली उडालेलं, इंग्लंडमधले हौशी विमानबांधक आयझॅक्स यांचं लाकडी स्पिटफायर म्हणूनच ६० टक्के मापाचं आहे: पंख ८.१ चौरस मीटर, इंजिन १०० अश्वशक्तीचं, उड्डाणवजन सुमारे ५०० किलो.

खरी गोम गुरुत्वमध्यात आहे. नाक आखूड, इंजिन हलकं आणि मागे पूर्ण वजनाचा पायलट, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. फार मागे गेला तर स्टिक (विमान वर-खाली वळवायचा दांडा) हलकी लागते आणि स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडण्यात, गेलेलं विमान बाहेर येईलच असं नाही. इंजिन माउंट लांबवा, बॅटरी पुढे न्या. मग तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून, पायलट बसवून, टाकी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा वजनं घ्या आणि त्यांवरून गुरुत्वमध्य काढा.

‘मारुतीचं इंजिन पुरतं.’ ते जेमतेम ३७ अश्वशक्तीचं, तीही ५,००० आरपीएमच्या आसपास. दीड मीटरचा प्रोपेलर थेट जोडला तर त्याची टोकं सेकंदाला ३९० मीटरने फिरतात, ध्वनीपेक्षा वेगाने. गोंगाट वाढतो, विमान पुढे ओढायची ताकद घटते. म्हणून रिडक्शन, म्हणजे प्रोपेलरचे फेरे इंजिनापेक्षा कमी करणारी जोडणी, हवं. रोटॅक्स ९१२ यूएलएस या १०० अश्वशक्तीच्या विमान-इंजिनात ते २.४३:१ आहे आणि मस्टँग फायटरची ७५ टक्के मापाची प्रतिकृती, टायटन टी-५१, त्याच इंजिनावर उडते. घरगुती बेल्ट-रिडक्शनमध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) झटक्यांनी पिळाची कंपनं उठतात आणि बोल्ट तुटतात. त्यात पुण्याची उंची ५६० मीटर. मेमधल्या ३८ अंशांत हवा १,५०० मीटरवरच्याइतकी विरळ होते आणि टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची सुमारे १५ टक्के ताकद जाते.

‘मरीन प्लाय चालतो.’ त्याच्या गाभ्यात पोकळ्या सापडतात. विमानाचाच प्लाय घ्या, सांधा १:१२ उताराचा, म्हणजे जाडीच्या बारापट लांब तिरका, करा. इपॉक्सी गोंदाच्या प्रत्येक घाण्यातून एक नमुना चिकटवून, पूर्ण सुकल्यावर तोडा: लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये.

‘परवानगी लागत नाही.’ लागते. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांनाही डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी घ्यावी लागली, ती २०१७ मध्ये मिळाली. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर डीजीसीएचंच आहे आणि शेजारी लोहगावला हवाई दलाचा तळ आहे.