मैत्री जरूर करा, पण अट करारात लिहा

गावाकडच्या मित्रांशी गाझाचा आणि इस्रायलबरोबरच्या संशोधन सहकार्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. 'इस्रायल आपल्या अडचणीच्या काळात पाठीशी उभा राहिला.' आणि 'संशोधनात राजकारण कशाला आणता?' मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि आता बेल्जियममधल्या गेंट शहरात मातीतल्या ओलाव्यावर काम करतो. त्यामुळे पहिल्या वाक्यामागचा अनुभव मी नाकारणार नाही. डाळिंबासाठी राहुरी, केसर आंब्यासाठी छत्रपती संभाजीनगर, संत्र्यासाठी नागपूर आणि हापूससाठी दापोली, ही आपली चार गुणवत्ता केंद्रं भारत-इस्रायल कृषी सहकार्यातूनच उभी राहिली. तिथं शिकून आपली बाग सुधारलेल्या शेतकऱ्याला इस्रायलबद्दल आपुलकी वाटली, तर त्यात काही गैर नाही.

दुसरं वाक्य मात्र मला पटत नाही. पैसा सरकारचा, करार सरकारांमधला. मग राजकारण आधीपासून आत आहेच.

गेंट विद्यापीठाने मे २०२४ मध्ये आधी तीन इस्रायली संस्थांशी संबंध तोडले. त्यांत वोल्कानी हे सरकारी कृषी संशोधन केंद्रही होतं. महिनाअखेरीस इस्रायलमधल्या सगळ्याच विद्यापीठांचा आणि संशोधन संस्थांचा त्यात समावेश झाला. विद्यार्थी इमारतीत ठाण मांडून बसले होते हे खरं, पण निर्णयाला आधार होता तो विद्यापीठाच्या मानवाधिकार समितीच्या तपासणीचा. भागीदार संस्थेचं लष्कराशी नातं काय, हे तिथं कागदोपत्री पाहिलं जातं. आपल्याकडे हाच वाद 'तू कोणाच्या बाजूचा?' इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो.

म्हणून युरोपचं सगळं बरोबर, असंही नाही. 'होरायझन युरोप' हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या काळातला, सुरुवातीला सुमारे साडेपंच्याण्णव अब्ज युरोंचा ठरलेला संशोधन कार्यक्रम. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात युरोपीय आयोगाने रशियन संस्थांबरोबरचं यातलं सहकार्य थांबवलं. इस्रायलबरोबरचा युरोपचा सहकार्य करार २००० पासून लागू आहे. मानवाधिकारांचा आदर हा या संबंधांचा पाया आहे, असं त्याचं दुसरं कलमच सांगतं. तरीही जुलै २०२५ पर्यंत आयोगाने निधी रोखण्याचा प्रस्ताव मांडला नाही. मांडला तेव्हा तो होता फक्त ड्रोन, सायबर सुरक्षा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा क्षेत्रांतल्या इस्रायली नवउद्योगांचा होरायझनमधला निधी रोखण्याचा. त्यालाही सदस्य देशांचं पुरेसं बहुमत मिळालं नाही. कलम असून ते न वापरणं हा दुटप्पीपणा आहे, आणि इथं राहून, इथल्याच निधीवर काम करून मी हे म्हणतो आहे.

गाझाच्या इस्लामिक विद्यापीठाचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ सुफियान तायेह २ डिसेंबर २०२३ रोजी हवाई हल्ल्यात कुटुंबासह मारले गेले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या इस्रा विद्यापीठाची इमारत इस्रायली सैन्याने स्फोटकं लावून पाडली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, तेही तितकंच अमानुष. जून २०२५ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्रांनी रेहोवोतच्या वाइझमान संस्थेच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त केल्या, त्याचंही मला दुःख आहे. पण ज्यांची विद्यापीठंच उरली नाहीत, त्यांचं 'वैज्ञानिक सहकार्य' कोणत्या करारात बसवायचं?

आता नियम कुठे तोकडा पडतो ते सांगतो. होरायझनच्या अर्जात नैतिकतेचा आणि सुरक्षेचा तक्ता भरावा लागतो. संशोधन केवळ नागरी उपयोगाचं आहे का? त्याचा गैरवापर होऊ शकतो का? माझ्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची उत्तरं स्वच्छ असतात, हो-नाहीच्या चौकटीत खूण केली की झालं. हे प्रश्न प्रकल्पाबद्दल असतात, भागीदार संस्था बाकी काय करते याबद्दल नसतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इस्रायली लष्कराचा 'तलपियोत' हा निवडक तरुणांचा प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. माझ्या तक्त्यात त्याला जागाच नाही.

सरसकट बहिष्काराला मात्र माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. पोखरणनंतर १९९८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. राजगोपाल चिदंबरम यांना स्फटिकशास्त्राच्या परिषदेसाठी अमेरिकेने व्हिसा नाकारला. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव अमेरिकेच्या निर्बंध यादीतून निघायला जानेवारी २०२५ उजाडलं. सरकारचा राग माणसांवर काढला की काय होतं, हे आपण सोसलं आहे. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेने नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाबरोबरचा करार संपवला, पण इतर देशांतल्या संस्थांमार्फत येणाऱ्या रशियन वैज्ञानिकांना काम करता येतं. संस्था वेगळी आणि माणूस वेगळा, ही रेघ ओढता येते.

'अशी कलमं म्हणजे पाश्चात्त्यांची ढवळाढवळ,' असं मित्र म्हणतात. पण भारताने १९९३ मध्ये युरोपशी केलेल्या सहकार्य कराराचं पहिलंच कलम मानवाधिकारांचा आदर हा सहकार्याचा पाया मानतं. सही आपलीच आहे. २०१७ मध्ये भारत-इस्रायल औद्योगिक संशोधन निधी जाहीर झाला, तेव्हा चार कोटी डॉलरच्या आकड्याची चर्चा झाली. पैसा कशासाठी वापरता येणार नाही, हे मला कुणी विचारताना दिसलं नाही.

माझी मागणी साधी आहे. भागीदार संस्थेचं लष्करी काम, बळाने ताब्यात घेतलेल्या भूमीवरचं तिचं काम आणि करार कधी थांबवायचा, हे युद्ध सुरू होण्याआधी करारात लिहा आणि रशिया असो वा इस्रायल, सर्वांना सारखं लावा. उद्या तीच अट आपल्या एखाद्या संस्थेला लागली, तर तीही लागू दे. युरोपच्या २०२८ पासूनच्या पुढच्या संशोधन कार्यक्रमाची बोलणी आत्ता चालू आहेत. त्यात हे कलम नेमक्या शब्दांत यावं, म्हणून इथले आम्ही काही संशोधक आयोगाला लिहितो आहोत. दिल्लीत होणाऱ्या करारांसाठी असाच आग्रह तिकडून व्हायला हवा.