बोट चाललीय की, ताई!

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर एका बाटलीचा फोटो आला. निळी, स्टीलची, तिच्यावर पांढरा नांगर छापलेला. आत ताक आहे, असं खाली लिहिलं होतं. आणि त्याखाली, "ताई, चालायला गेलात का न्हाई?"

मी पांघरुणात होते. फोन पालथा घातला. नवऱ्याने कूस न बदलता विचारलं, "कोण गं?" म्हटलं, "तुझे सांगलीचे काका." नंबर यानेच दिला होता, बोटीवर, मला न विचारता.

त्या बाटलीवर खरा हक्क कुणाचा, ते आता सांगायलाच हवं.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही घरची बारा माणसं क्रूझला गेलो. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री. त्याआधी ऑगस्टमध्ये माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ आली होती. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही अजून, पण चपला काढून दारात उभा आहे." तेव्हापासून रोज दहा हजार पावलं, एक्क्याऐंशी दिवस, एकही खाडा नाही. गणपतीत नाही, दिवाळीत फराळ करताना नाही. आता बोटीवर तीन दिवस खाडा करायचा तर नव्हता.

हा दहा हजारांचा आकडा कुठून आला माहीत आहे? मला वाटायचं, मोठमोठ्या डॉक्टरांनी बसून काढला असेल. तर १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मांपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेलं, लोकांना हुरूप आलेला, आकडा गोल आणि कानाला गोड. झालं. हे मला लेकीने बोटीत चढताना सांगितलं. काही माहिती नेमकी नको तेव्हाच मिळते.

बोटीच्या वरच्या मजल्यावर चालायला ट्रॅक होता. ट्रॅक म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवती ओढलेला हिरवा पट्टा, त्यावर दोन्ही बाजूंनी सरकत आलेल्या आरामखुर्च्या, आणि खुर्च्यांतून बाहेर आलेले पाय. निम्मी फेरी बोटीच्या तोंडाकडे, वाऱ्याच्या विरुद्ध, ओढणी गळ्याला फास लावतेय. वळलं की वारा एकदम गायब आणि घाम सुरू. अशा अठरा फेऱ्या मारल्यावर मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, "अभिनंदन! तुमचा आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर, २ मिनिटं ९ सेकंद."

मॅरेथॉनचे विश्वविक्रम करणारे लोक ताशी एकवीस किलोमीटरच्या आसपास धावतात. मी अठ्ठावीसने चालले होते. लेक म्हणाली, "आई, घड्याळ वरच्या उपग्रहाला विचारतं, तू कुठे आहेस. बोट पंधरा नॉटने, म्हणजे ताशी अठ्ठावीसच्या आसपास चाललीय, ते सगळं तुझ्या खात्यात." हे कळेपर्यंत घड्याळाने परस्पर आमच्या कोथरूडच्या चालायच्या ग्रुपवर विक्रम पाठवून दिला होता, आणि नेमकं तेवढ्यापुरतं नेटवर्क होतं. पहिलं उत्तर आलं, "रिक्षात बसलीस का गं?" दुसरं, "मीटरने की शेअर?"

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी जिममध्ये गेले. तिथे चालणारा माणूस जागचा हलत नाही, निदान तसं वाटतं. जिम बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, समोर काचेची भिंत आणि काचेबाहेर नुसता समुद्र. चार ट्रेडमिल. एकावर 'बंद आहे'ची पाटी. दोघांवर एक नवं जोडपं हातात हात घालून चालत होतं. चौथा माझा. त्याच्याशेजारी व्यायामाची सायकल, आणि सायकलवर काका.

काका सायकल चालवत नव्हते. ते सायकलवर बसले होते. पांढरा लेंगा, बंडी, वर स्वेटर, एसी लागू नये म्हणून कानटोपी. पायात नातवाचे वाटावेत असे चमचमणारे बूट, कारण बुटाशिवाय आत सोडत नव्हते. नाडी बांधलेली नव्हती. आणि समोर, जिथे माणसाच्या हृदयाचे ठोके दिसायला हवेत त्या पडद्यावर टेकवून, डिश. उपमा, दोन मेदूवडे, वाटीत चटणी.

मी पट्टा सुरू केला. पाच मिनिटं ते नुसते बघत होते. मग म्हणाले, "कुठं निघालाय, ताई?"

"व्यायाम करतेय, काका."

"त्ये दिसतंय की. पर निघालाय कुठं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी हसले. हसले ती चूकच झाली.

"बोट चाललीय की, ताई. आपुन बसलो तरी गोव्याला पोचतोय, चाललो तरी पोचतोय. तुम्ही काय माझ्या आधी उतरणार हाय व्हय?"

शेजारचं जोडपं फिसकन हसलं. मी वेग थोडा वाढवला. बोटीच्या टोकाला ट्रेडमिल असल्याची गंमत अशी की बोट लाटेवर चढली की तुम्ही सिंहगड चढताय, आणि उतरली की सिंहगडावरून तुम्हाला कुणीतरी ढकलून दिलंय. दर आठ-दहा सेकंदांनी. अशा अवस्थेत माणसाने बोलू नये. पण मला वाटलं, कारण सांगितलं की गप्प बसतील.

"शुगरसाठी चालते, काका."

"किती हाय?"

"सहा पॉइंट एक."

"हात्तिच्या!" काकांनी मेदूवडा उचलला, चटणीत बुडवला. "माझी नऊ हाय." आणि अख्खा तोंडात टाकला.

यापुढचं सगळं दोन मिनिटांत घडलं. काकांना माझ्या यंत्रावरची बटणं दिसली. "ह्ये वर-खाली करायचं हाय न्हवं?" म्हणत त्यांनी वाकून एक दाबलं. नेमकी त्याच वेळी बोट उतरली. मी दांडी पकडली, माझ्या कोपराचा धक्का डिशला लागला, आणि दुसरा मेदूवडा टुणकन माझ्या पट्ट्यावर येऊन पडला. तो माझ्या दोन पायांमधून सरळ मागे गेला, शिस्तीत, मधोमध, आणि पट्टा संपताच जिमच्या गालिच्यावर घरंगळत दाराशी जाऊन थांबला.

"वडा पुढं गेला बघा, ताई! तुमच्यापेक्षा जोरात!"

दारात जिमचा पोरगा उभा होता. त्याने वड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाखालच्या चटणीकडे पाहिलं. मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, जिममध्ये खायचे पदार्थ आणायला परवानगी नाही."

मला. काकांना नाही, मला.

आणि काका काय म्हणाले असतील? रिकामी डिश मांडीवर घेऊन, मान हलवत, "खरं हाय, ताई. नियम म्हंजे नियम."

नाश्त्याला मी हे तावातावाने सांगितलं तर टेबलावर हसून हसून माणसं लोटपोट. ते ठीक आहे. पण हसून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पण सुट्टीत कशाला हे? आम्हाला उगीच अपराधी वाटतं." हे मात्र मला लागलं. दीर रोज पाचला उठून बोटीवर योगा करत होते, ते 'शिस्तीचे'. मी साडेपाचला उठले तर ते 'फॅड'. मी कुणाच्या ताटातली जिलबी काढून घेतली नव्हती. आपली एक पोळी आणि वाटीभर उसळ घेऊन गप्प बसले होते. तर दहा जणांनी दहा वेळा सांगितलं, "घे गं, पैसे भरलेत." पैसे काय जेवणाचेच भरले होते? जिमचेही त्यातच होते. ते वसूल करणारी एकटी मी, आणि घरात उधळी ठरले.

सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत, कारण त्या वेगळ्याच बोटीत होत्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने वेंगुर्ल्याला जायच्या, त्या बोटीत. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, आवळासुपारी तोंडात, लिंबू नाकाशी, तरी जयगड यायच्या आत निम्म्यांना बोट लागलेली. मालवणला हलत्या बोटीतून हलत्या पडावात उडी, काखेत पोर, डोक्यावर ट्रंक. "तेव्हा वेगळा व्यायाम नव्हता लागत," त्या म्हणाल्या. म्हणजे बोलल्याच.

शेवटच्या संध्याकाळी बोटीवर स्पर्धा. दिवसभरात ज्याची पावलं जास्त त्याला बक्षीस. मी मुद्दाम नाव दिलं. लिफ्ट सोडून जिने, जेवणानंतर शतपावलीच्या ऐवजी सहस्रपावली, अंताक्षरी चालू असताना खुर्च्यांमागून येरझाऱ्या. १७,४१२. टाचेला फोड.

काका आले ३१,०६० घेऊन.

कसे, ते मला ठाऊक होतं. सकाळपासून त्यांचं घड्याळ त्यांच्या सात वर्षांच्या नातवाच्या दंडाला रबरबँडने बांधलेलं मी स्वतः पाहिलं होतं. तो पोरगा तलावाभोवती, जिन्यावरून, बुफेच्या टेबलांखालून अखंड पळत होता. मी निवेदन करणाऱ्या मुलीला हळूच सांगायला गेले. ती माइकवर ओरडत होती, "वय वर्षं एकाहत्तर! टाळ्या!" सगळं सभागृह उभं राहिलं. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या टेबलावरून. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. शीक काहीतरी."

काकांनी बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, वारीत तुळस धरावी तशी. खाली उतरले ते थेट आमच्याकडे. "ताई, तुमच्यामुळं झालं बघा. तुमच्याकडं बघून ईर्षा आली." आमच्या यजमानांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथल्या तिथे माझा नंबर दिला.

आणि शेवटच्या दिवशी खाडा झाला. बॅलार्ड पिअरला बोट लागली, बॅगांना रंगीत चिठ्ठ्या, आमचा रंग सगळ्यात शेवटी, तोवर एका दालनात बसून राहा. उभं राहिलं की कुणीतरी येऊन "बसा मॅडम". पुण्याला पोचेपर्यंत रात्र, आणि जमीन पायाखाली अजून हलतेय. मी बाथरूमला जाताना भिंत धरत होते. ६,३००. चौऱ्याऐंशी दिवसांचा हिशेब तिथे मोडला. कंपनीचं पत्र आलंय, सहलीबद्दल अभिप्राय द्या, पाच चांदण्यांपैकी किती. मी अजून भरलेलं नाही. भरीन तेव्हा जिमच्या गालिच्याबद्दल कुणी मला बोलायचं नाही.

हे लिहीत होते तोवर फोन पुन्हा वाजला. सांगलीच. या वेळी फोटो कुत्र्याचा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला काकांचं घड्याळ.

"पोरगं शाळंत गेलं, ताई. आजपास्नं मोत्याला लावलाय. आठ वाजंपर्यंत चार हजार!"

मी माझं बघितलं. दोनशे बारा. त्यातली निम्मी चष्मा शोधताना.