तडजोडीची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने विरोधी पक्षाशी जुळवून घ्यावे, की मतदारांनी दिलेला कौल स्वपक्षाच्या बळावर रेटावा, हा वाद तिथे जवळपास प्रत्येक कारकिर्दीत नव्याने पेटतो आणि तिथे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही त्यात हिरिरीने उतरतात. काहींना प्रत्येक तडजोड ही मतदारांशी गद्दारी वाटते, तर काहींना सर्वांना सोबत घेणे हाच नेत्याचा मोठेपणा वाटतो. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. तडजोड झाली एवढ्यावरून तिची योग्यता ठरत नाही. तिची किंमत कोणी मोजली, हे पाहावे लागते.

आधी तिथल्या व्यवस्थेविषयी थोडेसे. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे आणि पक्षाचा व्हिप मोडला तर खासदारकी गमावण्याची वेळ येते. अमेरिकेत असे बंधन नाही. राष्ट्राध्यक्ष हा काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्यच नसतो आणि त्याच्याच पक्षाचे सिनेटर त्याच्या विधेयकाविरुद्ध बिनदिक्कत मत देऊ शकतात. शिवाय सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, फिलिबस्टरची, म्हणजे चर्चा लांबवत ठेवून मतदानच होऊ न देण्याची प्रथा आहे. ती मोडण्यासाठी आज 100 पैकी 60 मते लागतात. 1964 साली मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागत. त्यामुळे विरोधकांशी बोलायचे की नाही, हा तिथे बहुतेक वेळा स्वभावाचा प्रश्न उरतच नाही.

वर्णभेदाला आळा घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा घ्या. सिनेटमध्ये डेमोक्रॅट 67 होते आणि रिपब्लिकन 33. कागदावर पाहिले तर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना विरोधकांची गरजच नव्हती. पण विधेयकाचे सर्वांत कडवे शत्रू त्यांच्याच पक्षात, दक्षिणेकडील राज्यांत होते आणि त्यांचे नेतृत्व करणारे जॉर्जियाचे रिचर्ड रसेल हे तर जॉन्सन यांचे राजकारणातले मार्गदर्शक. आठवडेच्या आठवडे सिनेट अडून राहिली. जॉन्सन यांनी विधेयकाची बाजू लढवणाऱ्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या मागे लावले. डर्कसन यांनी दुरुस्त्या मागितल्या: नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींत राज्यांच्या यंत्रणांना आधी संधी मिळावी, केंद्राने प्रत्येक किरकोळ प्रकरणात न्यायालयात धाव घेऊ नये, अशा स्वरूपाच्या. त्या मान्य झाल्या. मात्र हॉटेले, खाणावळी, चित्रपटगृहे सर्वांना खुली करणारी आणि नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवणारी मूळ कलमे हलली नाहीत. 10 जून 1964 रोजी 71 विरुद्ध 29 मतांनी कोंडी फुटली. त्या 71 मतांत 27 रिपब्लिकन होते आणि विरोधातल्या 29 पैकी 23 जण जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते.

या सहकार्याचे मोल जॉन्सन यांच्या पक्षाने मोजले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते प्रचंड बहुमताने जिंकले खरे, पण एके काळी डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असलेल्या खोल दक्षिणेतली पाच राज्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत तो सगळा प्रदेश पक्षाच्या हातून निसटत गेला.

आता याच्या उलट टोकाला 1877 साल आहे. रिपब्लिकन हेज आणि डेमोक्रॅट टिल्डन यांच्यातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निकाल 15 सदस्यांच्या आयोगाने 8 विरुद्ध 7 असा लावला आणि हेज 185 विरुद्ध 184 निर्वाचक मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. पडद्याआड नेमके काय ठरले यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत, पण पुढे घडले ते स्पष्ट आहे. दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना या राज्यांतल्या सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैनिक हेज यांनी मागे घेतले, विरोधक शांत झाले आणि देशात सलोखा नांदू लागल्याचे सांगितले गेले. त्या सलोख्याची किंमत मोजली ती नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी, ज्यांना त्या बोलाचालीत कोणी विचारलेही नव्हते. त्यांचा मताधिकार पुढे पद्धतशीरपणे हिरावला गेला. गैरहजर माणसाच्या हक्कावर पाणी सोडून केलेल्या अशा समेटाला मी सहकार्य म्हणायला तयार नाही.

रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्याविषयी मला त्यांच्या पक्षातल्या अनेकांपेक्षा अधिक आदर आहे. ‘नवे कर लावणार नाही’ असे 1988 मध्ये त्यांनी जाहीर वचन दिले होते. दोन वर्षांनी वाढती तूट पाहून त्यांनी डेमोक्रॅटिक काँग्रेसशी अर्थसंकल्पाचा करार केला. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 28 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर गेला आणि खर्चाला कडक मर्यादा आल्या. न्यूट गिंग्रिच यांनी स्वपक्षातच बंड उभारले. 1992 च्या पराभवाला इतरही कारणे होती, पण हे मोडलेले वचन त्यांच्या गळ्यात अडकले ते अडकलेच. वचनभंगाचा आरोप खराच आहे. तरीही तुटीचा भार पुढच्या पिढीवर ढकलण्याऐवजी त्यांनी स्वतःचे पद पणाला लावले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आणि समोरचा हातच पुढे करत नसेल तर? ओबामा यांच्या आरोग्य विमा कायद्यासाठी 2009 चा अख्खा उन्हाळा सिनेटमध्ये तीन रिपब्लिकन सदस्यांशी वाटाघाटी चालल्या. अखेरच्या मतदानात त्यांच्यापैकी एकानेही साथ दिली नाही आणि मार्च 2010 मध्ये प्रतिनिधिगृहाने 219 विरुद्ध 212 अशी मंजुरी दिली, तीही विरोधकांच्या एकाही मताशिवाय. ओबामा यांनी वाट पाहिली हे योग्य होते आणि एका टप्प्यानंतर वाट पाहणे थांबवले हेही योग्यच होते. कारण आणखी थांबले असते तर त्याचा भुर्दंड विमा नसलेल्या आजारी माणसांना पडला असता. पण एकट्याने केलेला कायदा कायम धोक्यात राहतो, हेही खरे. जुलै 2017 मध्ये तो मोडीत काढण्याचा रिपब्लिकनांचा प्रयत्न सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 असा हुकला. तो हुकवणाऱ्यांत सुझन कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि जॉन मॅकेन हे तिघे रिपब्लिकनच होते.