सायटिकाचा तो मेसेज पुढे पाठवू नका

परळच्या मावशीच्या फोनवर तो लांबलचक मेसेज आला आणि तिने पलंगच धरला. मेसेजचं म्हणणं असं: सायटिकात कमरेची नस सरकते, २१ दिवस पडून राहा, पारिजातकाच्या पानांचा काढा घ्या, जाणकाराकडून झटका देऊन नस बसवून घ्या, बधिरपणा आला तर घाबरू नका, नस मोकळी होतेय, आणि ऑपरेशन केलंत तर लुळे व्हाल.

नस सरकत नाही. बहुतेक वेळा मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाबते, म्हणून कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत कळ जाते. नस सरकलेलीच नाही, तर बसवणार काय? आधीच दुखावलेल्या जागी कुणाला झटके मारू देऊ नका.

पडून राहण्याचं तर नेदरलँड्समध्ये तपासून झालंय, १९९९ साली, सायटिकाच्या १८३ रुग्णांवर. अर्ध्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना आराम होता. झोपून काहीही जास्त मिळालं नाही. मावशी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. २१ दिवस पडून राहिली तर जिना उतरायचं बळच जाईल तिचं.

काढ्याने बरं वाटलं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, एवढं मान्य. पण बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत आपसूक उतरतं, आणि नाव काढ्याचं होतं. शेकाने आराम पडतो, तो जरूर घ्या.

बधिरपणाचं वाक्य मात्र माणसाचं आयुष्य नासवेल. बधिरपणा म्हणजे नस मोकळी होणं नव्हे, दाबली जाणं. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलता येईनासं झालं तर त्याच दिवशी. आणि दोन्ही मांड्यांच्या मधला, बसताना टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा आणि हीच लक्षणं स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तिथे एमआरआय आणि ऑपरेशनला उशीर झाला, तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

म्हणजे ज्या ऑपरेशनची मेसेज भीती घालतो, तेच अशा वेळी लुळं होण्यापासून वाचवतं. बाकी बहुतेकांना ते लागतच नाही.