प्रौढांच्या वर्गात समतेचे काय काम? एका संदेशाला उत्तर

साक्षरता वर्ग चालवणाऱ्या शिक्षक-स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रौढांच्या वर्गात समता, विविधता, समावेश हे विषय आणण्याची गरज नाही, आलेल्या माणसाला फक्त अक्षरे आणि आकडे हवे असतात, सगळ्यांना एकच वेळ आणि एकच वागणूक दिली की समानता आलीच, आपल्या कोकणात भेदभाव उरलेला नाही, जे वर्ग सोडतात त्यांना शिकायचेच नसते, आणि हे सगळे खूळ बाहेरून आलेले आहे. लिहिणाऱ्याच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण या सल्ल्याप्रमाणे वर्ग चालवला तर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच माणसे आधी गळतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘सगळ्यांना एकच वेळ’ हा नियम आपल्याकडे पहिल्याच पावसात टिकत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एरवी रात्र-रात्र समुद्रात असणाऱ्या खलाशाला नेमकी तेव्हाच सवड मिळते. त्याच दिवसांत सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, वाडीतल्या बाया भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेल्या असतात आणि दिवेलागणीनंतर त्यांना पाठ टेकण्यापलीकडे काही सुचत नाही. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा २०२४ साली १७ मार्चला झाली. मार्चमध्ये ही कुटुंबे गावातच नसतात. मग हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुल्या पडतात आणि ‘त्यांना शिकायचेच नाही’ असा निष्कर्ष निघतो. नियम सर्वांना सारखा होता हे खरे, पण तो कोणाच्या सवडीने आखला होता, हे विचारल्यावाचून त्याला समान म्हणता येत नाही.

एकसारख्या वागणुकीचेही तेच. मी पाहिलेल्या एका वर्गात साठीच्या घरातल्या एक मावशी फळ्यावरची अक्षरे बरोबर ओळखत, पण पुस्तक पुढे आले की मान खाली घालून गप्प बसत. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘प्रगती नाही’ असा शेरा होता. या मावशी बाजारात बांगड्याचे वाटे लावून विकणाऱ्या. दीडशेचा एक वाटा, दोन घेतले तर वीस कमी, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली तर दोनशेवीस परत, हा हिशेब पिशवी उघडायच्या आत त्यांच्या तोंडी तयार असे. एका संध्याकाळी त्यांनी शेजारणीचा चाळिशीचा चष्मा सहज डोळ्यांना लावला आणि ओळीखाली बोट धरून, अडखळत का होईना, ती वाचून काढली. लांबचे दिसते आणि जवळचे धूसर होते, हा वयाबरोबर जवळजवळ प्रत्येकाच्याच डोळ्यांत होणारा बदल आहे. सगळ्यांना त्याच बारीक टायपाचे पुस्तक आणि तोच मंद दिवा देणारा वर्ग मावशींना मंदबुद्धी ठरवून मोकळा झाला होता. ज्यांना कायमचे अपंगत्व आहे त्यांच्यासाठी तर कायदाच स्पष्ट आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १८ प्रौढ शिक्षणात त्यांचा इतरांच्या बरोबरीने सहभाग राहील, याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकते.

भेदभाव उरलेला नाही, हे विधान बहुधा ज्याला कधी अडवले गेले नाही त्याच्याच तोंडून येते. वर्ग ग्रामदेवतेच्या सभामंडपात भरतो, कारण तिथे जागा, वीज आणि सतरंज्या असतात. कोणालाही ‘येऊ नका’ असे कोणी म्हणत नाही. तरीही बौद्धवाडीतल्या बाया पहिल्या दिवशी पायरीशी घुटमळतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मोहल्ल्यातल्या बाया तर तिकडे फिरकतही नाहीत. तोच वर्ग अंगणवाडीच्या खोलीत नेला की दोघीही येऊन बसतात. ज्या कोकणात महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तिथे जागेची निवड ही किरकोळ सोयीची बाब समजता येणार नाही.

‘फक्त अक्षरे’ या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. सध्याच्या साक्षरता कार्यक्रमातच वाचन-लेखन-गणिताच्या जोडीला आर्थिक, डिजिटल आणि कायदेविषयक साक्षरता धरलेली आहे. शिवाय निरक्षर कोण राहिले, हा प्रश्नच समतेचा आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या पुरुषांची साक्षरता सुमारे ९१ टक्के होती, स्त्रियांची सुमारे ७५. हे अंतर अक्षरे अवघड असल्यामुळे पडलेले नाही.

राहता राहिला ‘बाहेरून आलेल्या खुळा’चा आरोप, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकणाऱ्याच्या सवडीने वर्गाची वेळ ठरवण्याचे तत्त्व तिथेच आहे. आपल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी बालपणीच विधवा झाल्या आणि विशी उलटल्यावर, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी मुंबईत काढलेल्या शारदा सदनात पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. पुढे मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा गावाने त्या दोघांना वाळीत टाकले. मोठ्या वयाच्या बाईला वर्गात मानाने बसवण्यासाठी इथल्याच माणसांनी एवढी किंमत मोजली आहे.

संदेशातली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: थकून आलेल्या माणसांपुढे समतेवर व्याख्यान देऊ नये. त्याऐवजी नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचारावे की कामाचे महिने कोणते, संध्याकाळी किती वाजता हात मोकळे होतात, कोणत्या जागी यायला संकोच वाटतो, आणि जवळचे अक्षर नीट दिसते का. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनीही आपापल्या वर्गाचा हजेरीपट काढावा आणि येणे थांबलेली माणसे कोणत्या वाडीतली आहेत व कोणत्या महिन्यात थांबली, एवढे ताडून पाहावे.