माझ्या चॅम्पियनला काल मीच सात वेळा हरवलं

गेलं दीड वर्ष मी एका बॉक्सरची गोष्ट लिहितोय. गोष्ट कसली, अजून वहीतच आहे. पठ्ठ्याला नाव नाही, पण रेकॉर्ड आहे: ३८ लढती, ३८ विजय, त्यातले ३४ नॉकआउट. पहिल्याच दिवशी एवढं लिहून मोकळा झालो होतो. काल ते पान फाडलं.

मुळात आमचा गडी ब्रॉलर. म्हणजे पायांची चलाखी नाही, लांबून जॅब टाकत गुण गोळा करणं नाही. दोन ठोसे खायचे आणि तिसरा आपला घालायचा. असा माणूस ३८ वेळा रिंगमध्ये उतरतो आणि एकदाही हरत नाही, हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याची आता लाज वाटते. बचावाला हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचं नाव पुढे करता येतं म्हणा. ४९ लढती, ४९ विजय, १९५६ मध्ये निवृत्त. पण त्याने किताब कसा मिळवला ते बघा. १९५२ मध्ये तेव्हाचा चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिघांच्याही गुणपत्रिकेवर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोरीत अडकून खाली घसरला. पराभवांच्या रकान्यातल्या त्या शून्यासाठी मार्सियानोने एवढी किंमत मोजली होती. मी माझ्या नायकाला ते फुकटात देऊन टाकलं.

दुसरी चूक तर निव्वळ आळसाची. गोष्ट नव्वदच्या दशकातली, आणि सगळ्यात मोठी लढत मी रंगवली पंधराव्या फेरीत! रक्त, घाम, शेवटची तीन मिनिटं, सगळा मसाला. नव्वदच्या दशकात किताबाच्या लढतीला पंधरावी फेरी होतीच कुठे? १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढला, कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने किताबी लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, आणि दशक संपेपर्यंत इतर मोठ्या संघटनांनीही. ज्या तीन मिनिटांवर मी सगळ्यात जास्त खूश होतो, ती एका पोराच्या मरणानंतर बंद झालेली होती.

तरी मला सगळ्यात खटकते ती या काल्पनिक कारकिर्दींची सरळ रेघ. गरिबी, खडूस पण आतून मऊ प्रशिक्षक, चढती कमान, मध्येच एक पराभव, मग परतफेड. खऱ्या कारकिर्दी किती वेड्यावाकड्या असतात! अमेरिकन मिडलवेट बॉक्सर जेक लामोटा घ्या. किताबाची संधी मिळावी म्हणून १९४७ मध्ये तो एक लढत मुद्दाम हरला, आणि १९६० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर त्याने तसं कबूलही केलं. संधी मिळाली १९४९ मध्ये, तेव्हाचा चॅम्पियन मार्सेल सेर्दाँसमोर. सेर्दाँचा खांदा लढतीतच दुखावला आणि किताब लामोटाकडे आला. पुन्हा लढायचं ठरलं, त्या लढतीसाठी सेर्दाँ विमानात बसला, विमान पडलं. हे मी वहीत लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने ‘पुरे झाले योगायोग’ म्हणून वही मिटली असती. शुगर रे रॉबिन्सनशी लामोटा सहा वेळा लढला, जिंकला एकदाच. सहाव्या लढतीत, फेब्रुवारी १९५१ मध्ये, तेराव्या फेरीत पंचाने थांबवलं तेव्हा लामोटा दोरीला टेकून उभाच होता. रॉबिन्सनला आपल्याला पाडता आलं नाही, हे तो पुढे मोठ्या तोऱ्यात सांगायचा. पाच पराभवांतून माणसाने स्वतःसाठी काय राखून ठेवलं बघा. असला पराभव मला एकदाही सुचला नव्हता.

मग मी रेकॉर्डमध्ये पराभव भरायला बसलो. दोन गुणांवर, एक दुखापतीने, एक अगदी फालतू माणसाकडून. असे करत करत सात झाले. आणि तिथे गोष्टच मोडली.

कारण माझा नायक साठीला आलाय आणि स्वतःच सगळं सांगतोय. प्रत्येक लढत, फेरीनिहाय, कोणता ठोसा कुठे बसला यासकट. त्याचा जबडा लोखंडाचा असल्याचं मी कौतुकाने तीनदा लिहिलंय. जबडा असेल हो लोखंडाचा, कवटीच्या आत मेंदू तर हलतोच ना! हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरने मार खाऊन खाऊन झिंगल्यासारखे झालेल्या बॉक्सरांबद्दल १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. वर सरावातला मार, जो कुठल्याच रेकॉर्डमध्ये येत नाही. लामोटा ९५ वर्षं जगला आणि म्हातारपणीही किस्से सांगत फिरला, हेही खरं. पण एका लामोटाच्या जोरावर मी शेकडो फेऱ्या डोक्यावर झेललेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर अख्खी कादंबरी उभी करत होतो.

मग सांगायचं कोणी? हा प्रश्न घेऊन परत मनिलातल्या त्या गाजलेल्या लढतीकडे गेलो. १ ऑक्टोबर १९७५, मुहम्मद अली आणि जो फ्रेझर, चौदा फेऱ्या संपलेल्या. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद, डावा आधीपासूनच अधू. समोरून येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता. तरी त्याला पंधराव्या फेरीला उठायचं होतं. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने उठू दिलं नाही. गोष्टींमध्ये अशा वेळी नायक ‘थांबवू नकोस’ म्हणतो, कोपऱ्यातला माणूस डोळे पुसतो आणि ऐकतो, आणि नायक जिंकतो. मला आता त्या ऐकणाऱ्या माणसाचाच राग येतो. तुझं काम काय होतं बाबा?

तर आता गोष्ट कटमन सांगणार, म्हणजे कोपऱ्यात बसून बॉक्सरच्या जखमा सांभाळणारा माणूस. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट, त्यात बॉक्सर येऊन स्टुलावर बसेपर्यंत आणि बाहेर निघा अशी शिट्टी होईपर्यंतचा वेळ वजा करा. हातात उरतात जेमतेम चाळीस-पंचेचाळीस सेकंद. टॉवेलने रक्त टिपायचं, अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेली कापसाची काडी जखमेत घालून दाबून धरायची, बर्फात ठेवलेला लोखंडी तुकडा सुजेवर टेकवायचा, वरून व्हॅसलीनचा थर. तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळून त्याने तो चेहरा वर्षानुवर्षं बघितलाय. भुवईवरची कोणती खोक कितव्या लढतीत पहिल्यांदा फुटली आणि नंतर दरवेळी तिथेच कशी उघडत गेली, हे त्याला पाठ असणार. चॅम्पियनला स्वतःला ते आरशातसुद्धा नीट दिसलेलं नाही.

रेकॉर्ड आता ३१ विजय, ७ पराभव. शेवटच्या ओळीत लिहिलंय: दहाव्या फेरीला स्टुलावरून उठला नाही. ‘उठू दिलं नाही’ लिहायचं की ‘उठला नाही’, यावर काल रात्रीचा एक वाजला.

नाव अजूनही नाही. आणि खरं तर लागतही नाहीये. कटमन त्याला नावाने हाक मारतच नाही, हनुवटी धरून ‘वर बघ’ एवढंच म्हणतो.