सवलत म्हणजे पण निधीच, मग ती पण मोजा की

रविवारी सोसायटीची मीटिंग संपल्यावर खाली चहा घेत उभे होतो आणि बोलता बोलता विषय निधीवर आला. आमच्याच विंगमधले एक काका, माणूस एकदम चांगला, रात्री-अपरात्री गाडी काढून हॉस्पिटलला नेणारा, पण पटकन बोलून गेले की टॅक्स भरायचा आम्ही मुंबई-ठाणेवाल्यांनी आणि पैसा जातो तुमच्या मराठवाड्यात. मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, सेनगाव तालुका. ऐरोलीत राहून आता सतरा वर्षं झाली. तिथल्या तिथं मला काही नीट बोलता आलं नाही, नुसतं "तसं नसतं हो काका" म्हणालो आणि वर आलो. पण झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय, लांबणार आहे, जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

टॅक्स इथून जास्त जमा होतो हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. केंद्राच्या पातळीवर पण महाराष्ट्राची हीच तक्रार असते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या करात महाराष्ट्राला 6.317 टक्के दिले आणि उत्तर प्रदेशला 17.939 टक्के, कारण त्या सूत्रात 45 टक्के वजन होतं ते राज्याचं दरडोई उत्पन्न किती मागे आहे याला. आपण सगळे यावर चिडतो. पण मग राज्याच्या आत तोच न्याय लावायची वेळ आली की आपलं बोलणं बदलतं, हे मला कळत नाही.

आता मराठवाड्यात पैसा जातो म्हणजे नक्की काय जातं? आमच्याकडं लहान मुलाला पण एक शब्द माहितीय, अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिल्याची थकबाकी. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, 1984 ला रिपोर्ट आला, त्यात रस्ते, सिंचन, वीज, शाळा, आरोग्य असं एकेक क्षेत्र धरून कोण राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे ते मोजलं. एकूण आकडा निघाला 3,186 कोटी. हिंगोली तेव्हा जिल्हाच नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो, जिल्हा झाला 1 मे 1999 ला. मग घटनेच्या 371(2) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं 1994 ला आली, निधीचं समन्यायी वाटप बघायची खास जबाबदारी राज्यपालांकडे आली. नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने परत मोजलं तर आकडा 14 हजार कोटींच्या वर गेला. किमती वाढल्या, मोजायची पद्धत बदलली हे सगळं धरलं तरी दहा-पंधरा वर्षांत खड्डा बुजला नाही हे तर दिसतंच. आणि 30 एप्रिल 2020 ला, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो असताना, या मंडळांची मुदत संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने परत स्थापन करायचा ठराव केला. ठराव.

आणि जो पैसा येतो तो कसा येतो ते पण बघा. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा एप्रिलचा असतो पण बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन निधी वाटपाच्या सिस्टिमवर, पैसे पडतात ते फेब्रुवारी-मार्चला, मग प्रशासकीय मान्यता, टेंडर, आणि 31 मार्चच्या आत खर्च नाही दाखवला तर निधी परत. आमच्या गावाचा जोडरस्ता असाच मार्चएण्डला झाला होता, कडक उन्हात, घाईघाईत, आणि श्रावणात मी आईला आणायला गेलो तेव्हा गाडी ओढ्याच्या अलीकडे लावून चालत जावं लागलं. कागदावर आमच्या तालुक्याला निधी मिळालेला आहे. तो आकडा काकांच्या डोक्यात असतो.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला माझ्याच ऑफिसच्या गेटवर सुचला. मी जिथं काम करतो ती बिल्डिंग सेझमध्ये, म्हणजे निर्यातीसाठी सवलती दिलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहे. ठाणे-बेलापूर रोडवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहिती असेल, एकाच कॅम्पसमध्ये एक बिल्डिंग सेझ आणि शेजारची नॉन-सेझ, कॅन्टीन एकच, बसस्टॉप एकच, पण आमच्याकडं साधा लॅपटॉप आत-बाहेर न्यायचा तर नोंद लागते कारण कायद्याच्या भाषेत तो पट्टा देशाच्या कस्टम हद्दीच्या बाहेरचा समजतात. त्या बदल्यात काय मिळतं? आयात ड्युटी माफ. आणि इन्कम टॅक्सच्या 10एए कलमाखाली निर्यातीच्या नफ्यावर पहिली 5 वर्षं 100 टक्के सूट, पुढची 5 वर्षं 50 टक्के, आणि त्यापुढची 5 वर्षं जो नफा परत धंद्यात घालाल त्यावर 50 टक्क्यांपर्यंत. 2011 नंतर मॅट, म्हणजे सूट असली तरी भरावा लागणारा किमान टॅक्स, लागला, 2020 नंतर येणाऱ्या नव्या युनिटना ही सूट बंद झाली, पण त्याआधी जे बसले ते बसले. हा सोडून दिलेला टॅक्स कोणाचा होता? सगळ्या देशाचा होता, त्यात सेनगावचा पण वाटा होता. तो पैसा ऐरोलीत राहिला. इथं बिल्डिंगा उभ्या राहिल्या, माझा पगार झाला, समोरच्या वडापाववाल्याचा धंदा झाला, फ्लॅटचे भाव वाढले. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये, माझ्या घराचा हप्ता याच्यावर चाललाय आणि त्याची जाणीव मला रोज असते. पण हा निधी नाही तर काय आहे? तिजोरीत येऊन बाहेर गेला की निधी म्हणायचं आणि यायच्या आधीच सोडून दिला की मोजायचंच नाही, हा कुठला हिशोब?

केंद्राच्या बजेटबरोबर सवलतींमुळे किती टॅक्स सोडला याचं स्टेटमेंट येतं, ते कोणीही बघू शकतं. पण ते कलमानुसार असतं. कुठल्या तालुक्यात किती सवलत मुरली हे त्यात नसतं. म्हणून सेनगावचा रस्ता दिसतो आणि ऐरोलीची सूट दिसत नाही.

आणि सेझ कायदा 2005 चा, 10 फेब्रुवारी 2006 पासून लागू झालेला, तो काढून वाचा. उद्देश काय दिलेत तर आर्थिक उलाढाल, निर्यात, गुंतवणूक, रोजगार, पायाभूत सुविधा. मागास भाग वर आणायचा असं त्यात कुठंच नाही. सेझच्या आधीचे निर्यात झोन बघा, 1965 चं कांडला बंदराला लागून, 1973 चं सीप्झ अंधेरीत, तिथपासून विचार एकच, जिथं बंदर, विमानतळ आणि शिकलेली माणसं आधीच आहेत तिथंच झोन. धंद्याच्या हिशोबाने ते बरोबरही असेल. नागपूरला मिहान हे विमानतळाजवळचं सेझ झालं, नाही असं नाही, पण देशभर बघितलं तर बहुतेक झोन मोठ्या शहरांच्या कडेलाच आणि त्यातले भरपूर आयटीचे. ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांनाच अजून बरं, असं होत गेलं.

बरं, मग ठाणे-रायगडवाल्यांचं तरी भलं झालं का, तर तेही सगळ्यांचं नाही. आमच्या बिल्डिंगमागे गावठाण आहे, तिथले एक आगरी बाबा सकाळी चालताना भेटतात, सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना एकदा म्हणालो की बाबा, आमच्याकडं असं काही यावं म्हणून लोक वाट बघतायत. ते म्हणाले, "येऊ दे बाबा, पन जमीन कोनाची जाते तं आधी इचार." नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 17 मार्च 1970 ला झाली, ठाणे-पनवेल-उरणची 95 गावं घेतली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, जानेवारी 1984 ला उरणमध्ये गोळीबारात 5 जण गेले, तेव्हा कुठं ती मागणी पुढे सरकली. नवी मुंबई सेझचं तर काय झालं बघा, द्रोणागिरी, उलवे, कळंबोली, सिडकोचा वाटा 26 टक्के, बाकी खाजगी, जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली आणि 2018 मध्ये ती साध्या औद्योगिक वापराला खुली करायची वेळ आली. महामुंबई सेझसाठी उरण-पेण-पनवेलची 45 गावं मागितली होती, 21 सप्टेंबर 2008 ला पेणच्या 22 गावांत सार्वमत झालं, शेतकऱ्यांनी नको सांगितलं आणि पुढं ते गुंडाळलं गेलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने 2014 च्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की देशात सेझसाठी 45,635 हेक्टर अधिसूचित झाली पण प्रत्यक्ष काम सुरू झालं ते 28,488 हेक्टरवर. उरलेली सतरा हजार हेक्टर कोणाची तरी भातशेती असेल, कोणाचं मिठागर असेल, कोणाचं गायरान असेल.

काकांना मला अजून एक दाखवायचंय. ठाणे जिल्ह्याला पैसा मिळतो म्हणजे कोणाला मिळतो? शहापूर पण ठाण्यातच आहे ना. भातसा तिथं, तानसा तिथं, मोडकसागर तिथं. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्याचा मोठा हिस्सा एका तालुक्यातून जातो आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. मी मागच्या मे महिन्यात एका मित्राबरोबर त्याच्या सासरी गेलो होतो, तिथल्या बाया पहाटे चारला विहिरीवर नंबर लावतात आणि मागून धरणाचा पाइप जातो. जिल्ह्याची सरासरी काढली की ठाणे श्रीमंत, आणि त्या सरासरीत शहापूर-मुरबाड बुडून जातात. दांडेकर समितीच्या 3,186 कोटींत पण उर्वरित महाराष्ट्राचा हिस्सा 37 टक्क्यांच्या आसपास होता, हे आमचे मराठवाड्यातले लोक सोयीने विसरतात, मी पण विसरायचो.

म्हणून मला वाटतं तालुका धरूनच मोजलं पाहिजे. राज्याच्या समतोल विकासासाठी नेमलेल्या केळकर समितीच्या वेळी, 2011 ते 2013, ही चर्चा झाली होती आणि आमच्याकडून विरोध झाला, की तालुका धरला तर पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुके पुढं करून आमचा हिस्सा खातील. ती भीती खोटी नाही, आधी असं झालेलं आहे म्हणूनच भीती आहे. त्यामुळे प्रदेशाचा हिस्सा राहू द्या, त्याला हात लावू नका, पण त्याच्या आत तालुका बघा. आणि त्या तालुक्याच्या खात्यावर सगळं लिहा, नियोजनचा निधी, आमदार फंड, राज्याच्या योजना, आणि सोडलेला टॅक्स, माफ केलेली स्टॅम्प ड्युटी, स्वस्तात दिलेली जमीन.

कोणी म्हणेल उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे की, 1964 पासून आहे, तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस गट आहेत, मागास तालुक्याला जास्त सवलत. आहेच. पण ती सवलत कारखाना आला तर मिळते, जीएसटी भरला तर परत मिळतो. कोणी आलंच नाही तर डी प्लसची मोठी सवलत कागदावरच राहते आणि खर्च शून्य. कारखानदार टक्केवारी बघून येत नाही हो, तो बघतो वीज किती तास, रस्ता कसा, माल बंदरावर किती वेळात पोचतो. आमच्या वसमतची हळद घ्या. केवढा मोठा बाजार आहे, हळद संशोधन केंद्र पण मंजूर झालं, चांगली गोष्ट आहे. पण निर्यात करायची तर माल शेवटी न्हावाशेव्यालाच आणायचा, इथंच तपासणी, इथंच गोडाऊन, इथंच साठवणुकीचं भाडं. पनवेलजवळ साई गावात मुक्त व्यापार गोदाम क्षेत्र आहे, न्हावाशेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएचं स्वतःचं 277 हेक्टरचं सेझ आहे. मग हळदीसाठी, सोयाबीनसाठी तपासणी, पॅकिंग, कस्टमची सोय तिकडंच वसमत-नांदेडला का नाही? हजार हेक्टर नको, पन्नास एकर पुरे, पण आधी वीज, रस्ता, रेल्वे द्या आणि मग सवलत जाहीर करा. आणि जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेत विचारा, त्या बाबांचं म्हणणं मी विसरलेलो नाही.

मुंबईहून हिंगोलीला जनशताब्दी 2024 ला आली. त्याआधी दिवाळीला घरी जायचं म्हणजे ट्रॅव्हल्सची रात्र किंवा परभणीला उतरून पुढं एसटी. माझ्या बॅचचे आम्ही चौदा जण होतो, त्यातले नऊ आज ठाणे, नवी मुंबई, पुण्यात आहेत. ठाण्याच्या गर्दीवर वैतागणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आम्ही हौसेने आलेलो नाही.

काल रात्री माहिती अधिकाराचे तीन अर्ज लिहून काढलेत. एक हिंगोलीच्या नियोजन कार्यालयाला, एक ठाण्याच्या, आणि एक उद्योग खात्याला, की गेल्या 10 वर्षांत प्रोत्साहन योजनेतून कुठल्या तालुक्यात किती रुपये प्रत्यक्ष दिले. काकांना पण सही करायला सांगितलं, त्यांनी ठाण्याच्या अर्जावर सही केलीय. उत्तरं आली की फोटो इथंच टाकतो. तुमच्यापैकी कोणी शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा किंवा आमच्या सेनगाव, औंढा, कळमनुरीचं असेल आणि असा अर्ज आधी टाकला असेल तर कमेंटमध्ये सांगा.